कॉन्फरन्समध्ये आपणही बोलायचं असतं

वाचनालयातल्या मित्रांनो, आज फळ्यावर बातम्यांऐवजी माझाच अनुभव लिहितो.

सकाळी नगरला कलेक्टर साहेबांनी बोलावलेली पाणीटंचाईची कॉन्फरन्स होती. एसटीत आमचे सरपंच आबा म्हणाले, "गप बसायचं, टाळ्या वाजवायच्या. सायब चिडलं तर हाय तो टँकर बी जाईल."

"आबा, ती सभा झाली. कॉन्फरन्स म्हणजे जमलेल्यांनी विचारविनिमय करणं. डिक्शनरीतून उतरवून घेतलंय मी."

साहेबांचं भाषण संपल्यावर मी उभा राहिलो. टँकर गावातच थांबतो, आपल्या माळवस्तीला येत नाही, बाया दोन मैलांवरून पाणी आणतात, हे हातानं काढलेला नकाशा दाखवून सांगितलं. साहेबांनी नकाशा ठेवून घेतला. उद्यापासून टँकर वस्तीवर येणार, असं तिथंच सांगितलं.

परतताना आबा म्हणाले, "तुझ्या त्या पुस्तकात आनखी काय काय हाय रं?"

पुढच्या कॉन्फरन्सला तुमच्यापैकी कोण बोलणार? इथंच खाली नाव लिहा.