मर्टलने परतवलेलं विमान

मर्टलला सगळं गाव आंटी म्हणायचं. डॉक्टरांचं विमान यायचं असलं की पहिली हाक तिला जायची. पिकअप घेऊन धावपट्टीवर फेऱ्या मारायच्या, कांगारू आणि चुकार गुरं हुसकायची, जमीन घट्ट आहे का ते बघून पायलटला रेडिओवर सांगायचं, हे तिचं बावीस वर्षांचं काम. विल्गाबोअरला दवाखाना एका खोलीचा आणि नर्स एकच, इलेन. इस्पितळ सहाशे किलोमीटरवर. दुखणं हाताबाहेर गेलं की आभाळाकडे बघायचं.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसात पट्टीचं पूर्वेकडचं टोक वाहून गेलं. उन्हात वरून खपली धरायची, पण एक सर आली की खाली नुसता गारा. इलेनने सरकारी खात्याला पत्रावर पत्रं लिहिली. उत्तर ठरलेलं: विषय विचाराधीन आहे.

"दोन वर्षं विचार?" मर्टल म्हणायची. "अंडी उबवतायत की काय तिथे बसून?"

फेब्रुवारीत एके दिवशी सकाळी अकराला मर्टलच्या थोरल्या बहिणीच्या छातीत कळ आली. त्यांच्यात गेलेल्या माणसाचं नाव तोंडावर आणायचं नसतं, म्हणून इथेही ते नाही. मर्टलला आईमागे तिनेच वाढवलं होतं. इलेनने फोन केला आणि विमान निघालं. आदल्या दिवशीच पाऊस पडून गेला होता. मर्टलने पट्टीवर गाडी भरधाव सोडली. पूर्वेच्या टोकाला पुढचं चाक वीतभर रुतलं. तिने गाडी मागे घेतली, दुसऱ्या बाजूने पाहिलं. तिथेही रुतलं. उरलेली लांबी विमानाला पुरायची नाही, हे तिला पायलटइतकंच ठाऊक होतं.

विमान डोक्यावर घिरट्या घालत होतं. "आंटी, कशी आहे पट्टी?" पायलटने रेडिओवर विचारलं.

खोटं बोलली असती तर विमान उलटलं असतं. आत तीन माणसं होती.

"उतरू नका," ती म्हणाली. "आम्ही तिला डनमोरच्या पट्टीवर आणतो."

डनमोर नव्वद किलोमीटर. पिकअपच्या मागे गादी टाकली, इलेन सलाईनची बाटली धरून शेजारी बसली. साठाव्या किलोमीटरला, सुक्या ओढ्याच्या गोट्यांवर गाडी हादरत असताना, इलेनने काचेवर थाप मारली. संपलं होतं. विमान तिकडे उभं राहून वाट बघत होतं.

सहा आठवड्यांनी खात्याचा माणूस आला. कॉलिन प्रॅटली, कडक इस्त्रीचा शर्ट. दुकानाशेजारच्या पत्र्याखाली सभा भरली. त्याने कागद काढला आणि बहिणीचं नाव घडाघडा वाचलं. बायकांच्या माना खाली गेल्या. मर्टलच्या मावशीने पदराआड लपावं तसं शालीत तोंड लपवलं. गड्याला पत्ता नव्हता. तो पुढे वाचत सुटला: "स्थानिक देखरेखकर्तीने पट्टी अयोग्य ठरवल्याने विमान उतरू शकले नाही."

मर्टल उठली.

"ते नाव परत घेऊ नकोस. आणि काय म्हणालास? मी ठरवलं? पट्टी मी वाहून नेली?"

"आंटी, ही फक्त नोंद आहे. दोष कुणाला..."

"तुला आंटी म्हणायला कुणी सांगितलं? पाहणीला आलायस ना? चल, करवते पाहणी."

तिने पिकअपच्या मागे तीच गादी टाकली. "झोप. बसायचं नाही, आडवा हो. ती आडवी होती."

तो हसायला गेला. चाळीस माणसांत कुणीच हसलं नाही. इलेन गाडीत चढली. "झोपा साहेब. मी आहे शेजारी." तो झोपला.

बाराव्या किलोमीटरला त्याने काच बडवली. मर्टल थांबली, मागे गेली. शर्ट लाल मातीने माखला होता, ओठ दातांत सापडून फुटला होता.

"उतरायचंय? मागे वळवते. कागदावर लिही, बारा किलोमीटर सोसवले नाहीत म्हणून."

तो परत आडवा झाला. साठाव्याला, गोट्यांवर, तिने इंजिन बंद केलं.

"इथे," ती म्हणाली.

प्रॅटली कसाबसा उठून बसला. "माफ करा," म्हणाला.

"माफी घरी घेऊन जा. ग्रेडर पाठव."

एकोणीस दिवसांनी जमीन सपाट करणारा ग्रेडर आला, रोलर आला. पूर्वेचं टोक उकरून, मुरूम भरून, दाबून झालं. काम किती दिवसांचं? चार. मर्टल रोज खुर्ची टाकून बसायची आणि कामगारांना चहा द्यायची. चौथ्या दिवशी त्यांनी सामान आवरलं, तेव्हा तिने कप उचलून रोलरवर फेकला.

ऑगस्टमध्ये गावातल्या रॉझलिनचं मूल आडवं आलं. विमान पहिल्याच फेरीत उतरलं, आणि शहरात आई-मूल दोघं सुखरूप सुटली. गाव मर्टलच्या दारात आलं. "आंटी, तुझ्यामुळे झालं!"

"माझ्यामुळे नाही," ती म्हणाली. "चार दिवसांचं काम होतं ते. त्याला माझी बहीण जावी लागली. तुम्ही नाचा खुशाल, मला नाचायला सांगू नका."

तिने दार लावून घेतलं. आतून भांडी आपटल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. कुणी थांबवायला गेलं नाही.