बिनठिपक्यांचा पिंगळा

आमच्या ह्यांना नागपुरात सगळे तोंडावर मार्तंडराव म्हणत आणि पाठीमागे घुबडराव. मला दोन्ही ऐकू यायचं. सरकारी कचेरीत कारकून माणूस, पण रविवार उजाडला की जुनी दुर्बीण गळ्यात आणि सायकल कळमेश्वरच्या रस्त्याला. संसार माझा आणि रविवार घुबडांचा, अशी आमच्या घरात वाटणी होती.

सगळा वाद दोन पक्ष्यांचा. साधा पिंगळा तुम्हीही पाहिला असेल. चिंचेच्या ढोलीत राहतो, संध्याकाळी तारेवर बसून डोळे वटारतो. रानपिंगळा त्याचा सख्खा भाऊ शोभावा असा, पण नव्वदएक वर्षांत तो कुणी खात्रीनं पाहिलाच नव्हता. हे म्हणत, कळमेश्वरापलीकडच्या सागवनात मी तो तीनचारदा पाहिला आहे. साध्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात, ह्याचं डोकं कोरं. शिवाय हा भर उन्हात बसतो आणि शेपटी इकडून तिकडे झटकतो. मुंबईच्या जाणकारांना हे कळवत राहत आणि दरवेळी उत्तर येई की आपण पाहिलात तो साधाच असावा. ते वाचलं की हे भरल्या ताटावरून उठत. अहो, ज्यानं पाहिला त्याला अक्कल नाही आणि मुंबईत बसलेल्यांना सगळं दिसतं! माझाही जीव जळायचा. पक्ष्याशी मला काडीचं देणंघेणं नव्हतं, पण ह्यांना कुणी येडं ठरवलेलं मला खपत नसे.

शेवटी शहात्तर साली मुंबईचे पक्षितज्ज्ञ डॉक्टर मोघे कशासाठीसे नागपूरला आले आणि एक सकाळ द्यायला कबूल झाले. पोळा होऊन महिना झाला असेल. त्या सागवनाला लागून चंपतरावांचं शेत होतं, ह्यांचं रविवारचं पाणी तिथंच व्हायचं. आदल्या रविवारी हे त्यांना खूण समजावून आले. वर म्हणाले, ‘डोकं साफ असलेला दिसला नाही तर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही.’ बोलू नये ते बोलून बसले.

त्या दिवशी मीही गेले होते. सकाळभर सागवन तुडवलं, पण पक्षी दिसेल तर शपथ! डॉक्टर सारखे घड्याळ बघत होते आणि हे घामानं डबडबले होते. ऊन चढल्यावर आम्ही चंपतरावांच्या खळ्यावर आलो.

‘नाही दिसला ना?’ चंपतराव हसत म्हणाले. ‘मले मालूम होतं. पण पाहुणा आमच्या वावरातून उदास जाते काय जी? भागीरथा, डाल उचल वं.’

त्यांच्या बायकोनं कोंबड्या झाकायची डाल उचलली. खाली पाय बांधलेला पिंगळा होता. डोकं कोरं, तपकिरी, एक ठिपका नाही. हे पुढे सरसावले. डॉक्टर गुडघ्यावर बसले. त्यांनी पक्षी हातात घेतला, वळवून पाहिला आणि त्याच्या डोक्यावरून अंगठा फिरवला. अंगठा तपकिरी झाला आणि खालून पांढरे ठिपके वर आले.

पोळ्याला बैल रंगवून उरलेला गेरू होता तो. काजळी घालून जवसाच्या तेलात कालवलेला.

‘तुमीच म्हटलं होतं ना मार्तंडराव, डोक्सं साफ पाहिजे,’ चंपतराव गोंधळले. ‘आमच्या चिंचेवरचा धरला. इतक्या दुरून आलेल्या मानसाले खाली हातानं काहून धाडाचं?’

डॉक्टरांनी दोरी सोडून पक्षी उडवून दिला. हात पुसत म्हणाले, ‘रंग तरी पक्का लावायचा होता.’ हे म्हणत राहिले, मला माहीत नव्हतं हो, खरंच माहीत नव्हतं. ऐकतो कोण! डॉक्टरांची जीप निघून गेली. मला त्या माणसाच्या अंगावर गेरूचं भांडं उपडं करावंसं वाटलं. आणि चंपतरावांवर चिडायचं तरी कसं? ते बिचारे आम्हाला पानावर बसवत होते, अजून वाढू का विचारत होते. ह्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच ठेवला.

मी हात धुवायला विहिरीकडे गेले. बांधावरच्या वाळक्या सागावर, भर उन्हात, एक पिंगळा बसला होता. मी अगदी खाली जाऊन उभी राहिले. कोरं डोकं. शेपटी एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. त्यानं मला नीट बघून घेतलं आणि सागवनात गेला.

मी धावतच परत आले. ‘अहो, मी पाहिला! तुमचाच तो! डोक्यावर एक ठिपका नाही, शेपटी झटकत होता!’

हे उठले नाहीत. दुर्बिणीला हातही लावला नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि त्या नजरेत माझ्याबद्दल दया होती.

‘अरुंधती,’ ते हळूच म्हणाले, ‘माझ्यासाठी खोटं नको बोलू.’

मग त्यांनी ताट पुढे ओढलं आणि जेवायला लागले.