घरचा गूळ

दत्ता, फोनवर चार वाक्यं बोललो की खोकला येतो, म्हणून लिहितोय. मी गाव सोडलं तेव्हा स्टँडवर तूच माझी पिशवी धरून उभा होतास. आईनं तिच्यात गुळाची अर्धी ढेप कोंबली आणि म्हणाली, "रोज खडा खात जा बाबा. कारखान्यातली धूळ गुळाबरोबर पोटात उतरून जाती."

भोसरीत ठेकेदारही तेच म्हणायचा. फाउंड्रीतलं सँड ब्लास्टिंगचं काम माझं. लोखंडी कास्टिंगवर वाळूचा फवारा मारून ते साफ करायचं. पत्र्याच्या बंद खोलीत स्वतःचा हात दिसायचा नाही. मास्क मागितला तर एक फडकं दिलं नि हसला, "घरचा गूळ खातोस की राव, मास्क कशाला?" आणि मी येडा, मीही हसलो. नऊ वर्षं शिफ्ट सुटली की खडा चघळत रूमवर यायचो.

अरे, गूळ जातो पोटात, धूळ जाते छातीत. एवढी साधी गोष्ट मला कळली नाही, आणि ज्याला कळत होती त्या हरामखोरानं सांगितली नाही.

आता रूमचा एक जिना चढायला दोनदा बसावं लागतं. आधी सहा महिने टीबीच्या गोळ्या गिळल्या, काडीचा फरक नाही. मग मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई एक्स-रे बघून म्हणाल्या, "टीबी नाही, वाळूची धूळ आहे. फुप्फुसं आता पूर्वीसारखी होणार नाहीत." ठेकेदाराकडे गेलो तर म्हणतो, "बिडी ओढत असशील." मी! जन्मात बिडीला हात लावला नाही मी. कंपनी तर म्हणते, हा आमचा माणूसच नव्हे.

आणि त्याच तोंडानं त्यानं तुला फोन केला, माझ्या जागेवर ये म्हणून. तू हो म्हणालास. वर मला कौतुकानं कळवतोस, आई ढेप बांधून देतेय! डोकं फिरलं माझं. खबरदार इकडच्या गाडीत पाय ठेवलास तर. तंगडं मोडीन. तेवढा दम अजून आहे माझ्यात.

पूर्वी घर म्हटलं की मला आपलं अंगण दिसायचं. आता तुझी छाती दिसते. आपल्या घरात ती एक तरी धड राहू दे.

आईनं विचारलं तर सांग, दादानं नको नको त्या शिव्या घातल्या, म्हणून जात नाही. धरू दे तिला माझ्यावर राग. गुळाचं मात्र तिला कधी सांगू नकोस.