साहेबानं मागितलेला बेल

हे मी आजवर कोणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, देवाजवळही नाही. देवाजवळ तर मुद्दामच नाही, कारण त्याला ते ठाऊक असणार, आणि ज्याला ठाऊक आहे त्याच्यासमोर उभं राहायला फार धीर लागतो. तुम्ही माझे कोण? कोणीच नाही. म्हणून तुम्हाला सांगता येईल असं वाटतंय. बघू या.

सध्या जिकडेतिकडे एकच बोलणं आहे — साहेब चालले, देश सोडून. सडकेवर चार माणसं जमली की साहेबांनी काय काय केलं त्याची उजळणी सुरू होते. मीही मान हलवतो. खरंच आहे ते बरंचसं. पण त्या ढिगात एक पाप माझं आहे, साहेबाच्या नावावर खपवलेलं. आता तेही त्याच्यासोबत बोटीत बसून जाईल आणि कोणाला पत्ताही लागणार नाही. इतकी वर्षं मला हेच तर हवं होतं. मग आता ते जातंय तर माझा जीव का कासावीस होतो?

मी इंग्रजीचा मास्तर. सारख्या उच्चाराचे शब्द शिकवायला मला फार आवडतं. सन म्हणजे मुलगा आणि सन म्हणजे सूर्य. वीक म्हणजे आठवडा आणि वीक म्हणजे अशक्त. मेल म्हणजे टपाल, आणि मेल म्हणजे नर. एकदा एका पोरानं विचारलं, ‘गुर्जी, इंग्रजायजवळ शब्द कमी पडले का जी?’ सगळा वर्ग हसला, मीही हसलो. पोरं माझ्या वर्गात खुशीत असतात. एक जोडी मात्र मी कधी फळ्यावर लिहिली नाही. तिच्याजवळ आलं की मला खोकला येतो, नाहीतर पानच उलटलं जातं.

बेल आणि बेल. एका बेलचा अर्थ जामीन. दुसऱ्याचा अर्थ गाठ — कापडाची, तागाची, आगगाडीत चढवतात ती मालाची गाठ. स्पेलिंग निराळं, कानाला मात्र दोन्ही एकच. आपला महादेवाचा बेल त्यात धरला तर तीन झाले.

पण मी फिरवून फिरवून सांगतोय. खरं सांगायचं तर अजून जीभ रेटत नाही.

माझं इंग्रजी शाळेतलं कमी आणि मालधक्क्यावरचं जास्त. चार यत्ता इंग्रजी झालं आणि बाप गेला, तेव्हा मी गोंदियाला मालधक्क्यावर लागलो. तिथला बाबू दिवसभर ओरडायचा — बेल उचला, बेल मोजा, ही बेल कुणाची? तो शब्द मी डोक्यानं नाही, पाठीनं शिकलो. गावी परत आलो तेव्हा देवरीकडच्या जंगलाला लागून असलेल्या आमच्या वस्तीत इंग्रजी बोलणारा मी एकटाच होतो. म्हातारे मला बाजेवर उशाकडची जागा देत. मला ते आवडायचं. फारच आवडायचं, हेही आताच सांगून टाकतो.

इस्तारी माझ्या बरोबरीचा. गावच्या तलावात मला पोहायला त्यानंच शिकवलं — शिकवलं म्हणजे ढकललं, आणि मी बुडायला लागल्यावर हसत हसत काढलं. थोडी धानाची शेती, बायको भागरता, आणि एक म्हातारी आई. आईला डोळ्यांनी दिसत नव्हतं. पायांच्या आवाजावरून माणूस ओळखायची. मी अंगणात पाय ठेवला की म्हणायची, ‘इंग्रज आला वाटते.’

त्या वैशाखात इस्तारी सरकारी जंगलात तेंदूची, विडीची पानं तोडायला गेला. जंगलखात्याच्या नाकेदारानं हटकलं, बोलाचाली झाली, धक्काबुक्की झाली आणि नाकेदार नाल्यात पडला. फार लागलं नव्हतं. पण तो सरकारी माणूस. इस्तारीला बांधून सडकेवरच्या डाकबंगल्यात नेलं. तिथं दौऱ्यावरचा साहेब उतरला होता, निवाड्याचे अधिकार असलेला. नवाच होता, आपल्या भाषेतला ‘पानी’ एवढाच शब्द त्याला येत असावा.

आम्ही मागोमाग गेलो. भागरता, मी, आणि गावचे मालगुजार, म्हणजे गावाचे मालकच म्हणा ना. मालगुजार बाहेर आंब्याखाली छत्री टेकून बसले आणि मला म्हणाले, ‘जामीन लागला त मले हाक मारजो. मी राहतो जामीन.’ जामिनाला इंग्रजीत काय म्हणतात ते मला येत नव्हतं. विचारणार कोणाला? तिथं इंग्रजी जाणणारा मीच. म्हटलं, साहेब तो शब्द बोलेल तेव्हा कळेलच.

तो दिवस मला नेहमी पाण्याखालून पाहिल्यासारखा दिसतो. बाहेर ऊन इतकं की सडक थरथरत होती. आत खिडक्यांना लावलेल्या वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारलेलं, त्याचा ओला वास, आणि छताखाली पंखा सावकाश इकडून तिकडे. सगळं हळूहळू चाललेलं. इस्तारी कोपऱ्यात उकिडवा बसलेला. मी आत आलो तसा तो सैलावला, मला अजून त्याचे खांदे आठवतात. साहेबाचा पेशकार, म्हणजे कारकून, जेवायला गेला होता आणि साहेबाला ऊन उतरताच पुढं निघायचं होतं. म्हणून दुभाष्याच्या जागी मलाच उभं केलं.

मी बोललो. छान बोललो. इस्तारीच्या वतीनं सगळं सांगितलं — गरीब आहे, आई आंधळी आहे, चूक झाली. साहेब ऐकत होता. त्यानं मान हलवली, लेखणी खाली ठेवली आणि विचारलं, ‘एनी बेल?’

माझ्या मनात काय आलं सांगू? पानांची गाठ. मला वाटलं, साहेब विचारतोय, चोरीचा माल कुठं आहे, गाठ बांधून ठेवलीय का कुठं? मला तर आनंदच झाला. कारण गाठ नव्हतीच. पानं होती ती झटापटीत नाल्यात उधळून गेली होती. मित्राला वाचवायला याहून चांगलं उत्तर ते कोणतं?

‘नो बेल, सर,’ मी म्हणालो.

साहेबाला पटलं नसावं. त्यानं पुन्हा विचारलं. हळू, एकेक शब्द सुटा करून, लहान मुलाला विचारतात तसं. आणि मी छाती काढून सांगितलं की बेल नाही, अजिबात नाही. साहेबानं सुस्कारा टाकला आणि कागदावर लिहिलं.

इथवरचं मला माफ करता आलं असतं. कान चुकला, शब्द चुकला. मालधक्क्यावरच्या हमालाचं इंग्रजी ते, किती पुरणार? माणसानं एवढ्यासाठी आयुष्यभर खाली मान घालू नये. पण मी तिथं थांबलो नाही ना.

साहेब उठताना मला म्हणाला की तुझं इंग्रजी चांगलं आहे. सडकेच्या गावी शाळा निघतेय, तिथं असा माणूस लागेल, मी शब्द टाकतो. मला म्हणाला हे! मी बाहेर आलो तेव्हा माझे पाय जमिनीला लागत नव्हते. व्हरांड्यात पेशकार भेटला, हात पुसत होता. गोंदियाकडचा माणूस, हिंदीत बोलायचा. म्हणाला, ‘जमानत देनेवाला कोई आया नहीं क्या? साहब तो बेल देने को तैयार बैठे थे.’

तेव्हा कळलं. सगळं एकदम कळलं. कोणता बेल, ते.

साहेब अजून आतच होता. ताट्यांमधून त्याचा पांढरा सदरा दिसत होता. चहा ढवळत होता. मालगुजार आंब्याखाली होते, हाक मारली असती तर उठून आले असते. मला फक्त मागं वळायचं होतं. सर, चूक झाली, मला तो शब्द येत नव्हता — एवढंच म्हणायचं होतं. इंग्रजीत म्हणता येत होतं मला हे. पण मग शाळा? मग बाजेवरची उशाकडची जागा?

मी पेशकाराला म्हणालो, ‘नहीं, कोई नहीं आया.’

मग आंब्याखाली गेलो आणि मालगुजारांना सांगितलं की साहेबानं जामीन नाकारला. ते म्हणाले, भारीच कडक दिसते सायेब. मी म्हणालो, हो.

भागरता पायरीशी उभी होती. तिनं आतलं ऐकलं होतं. समजलं काहीच नव्हतं, पण एक शब्द तिच्या ओळखीचा निघाला होता. परतीच्या वाटेवर तिनं मला विचारलं, ‘भाऊजी, सायेब बेल कायले मांगत होता?’

मी म्हणालो, तो निराळा बेल, इंग्रजीतला. तेवढ्यानं तिचं समाधान झालं नाही. दुसऱ्या दिवसापासून ती तलावाकाठच्या महादेवाला रोज बेल वाहू लागली. तिचं म्हणणं असं की साहेबाच्या तोंडून कोण बोललं कोणाला ठाऊक, मागितलं ते दिलं पाहिजे. मी शाळेत जाताना तिला बघायचो — हो, शाळा मिळाली होती मला — ओल्या केसांनी, ओंजळीत पानं घेऊन. पहाटेचं धुकं तलावावर आलेलं असायचं, ती त्यातनं निघायची आणि त्यातच मिसळून जायची. मला वाटायचं, हे खरं नाहीच, स्वप्नात चाललंय, मी डोळे उघडले की इस्तारी तलावात पोहत असेल. मी तिला थांबवलं नाही. सांगायचं तरी काय होतं?

इस्तारी भंडाऱ्याच्या तुरुंगात राहिला. खटला पुढं जात जात पाऊस आला. श्रावणात त्याची आई गेली. आजार असा काही नव्हता. जेवण कमी होत गेलं आणि दाराकडे तोंड करून पडून राहिली. शेवटी शेवटी पायांची ओळखही सुटली तिची. मी आत गेलो तर म्हणाली, ‘इस्तारी, आला का रे बापा?’ भागरता माझ्याकडे बघत होती. मी नाही म्हणालो नाही, हो म्हणालो नाही. म्हातारीनं माझा हात धरून ठेवला, बराच वेळ. तिचा हात फार हलका होता.

अग्नी चुलत पुतण्यानं दिला. मी खांदा दिला. वाटेत कोणीतरी साहेबाला शिव्या दिल्या आणि मी ऐकत चाललो.

धान कापणीला आलं तेव्हा इस्तारी सुटून आला. अर्धा झाला होता. आईचं त्याला वाटेतच कळलं होतं. घरी बसला, पाणी प्याला, आणि दिवस मावळायच्या आत माझ्याकडे आला. मला वाटलं, आता हा विचारणार. मी मनात सगळं जुळवून ठेवलं होतं, सांगायचंच असं ठरवलंही होतं — निदान मला तसं वाटतं. त्यानं माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाला की तू नसतास तर माझ्या बाजूनं एक शब्द बोलणारा कोणी नव्हता. मी त्याचे हात घट्ट दाबले. त्याला वाटलं, दोस्तीनं.

त्यानंतर दर वर्षी नव्या धानाचे पोहे पहिल्यांदा माझ्या घरी यायचे. भागरता फडक्यात बांधून आणायची. बायको म्हणायची, किती जीव आहे तुमच्यावर त्यांचा. मी ते पोहे खाल्ले. दर वर्षी खाल्ले, गोड लागायचे.

या चैत्रात इस्तारी अंथरुणाला खिळला. मी जाऊन बसायचो. बाहेर मोहाची फुलं गळत होती, त्यांचा वास घरभर भरलेला, आणि तो अर्धा जागा अर्धा झोपेत काहीबाही बोलायचा, तलावाचं, आईचं. एका दुपारी त्यानं डोळे नीट उघडले. साहेब आता चालले म्हणतात, खरं का, असं विचारलं. मी खरं म्हटलं. मग म्हणाला, ‘त्या दिवशी सायेब नेमका काय म्हनला होता गा? मले त्याची बोली सांग. समजत नाही त नाही, आयकाची हाय.’

भागरता परसात होती. घरात आम्ही दोघंच. आणि तो शब्द त्याला कळणारही नव्हता. मी तो उच्चारला असता तरी माझं काही गेलं नसतं. शाळेतली नोकरी आता संपत आली, मालगुजार नाहीत, पेशकार नाही.

मी म्हणालो, ‘नो म्हणाला.’

‘नो,’ इस्तारी म्हणाला. पुन्हा एकदा म्हणून पाहिलं. ‘येवढासाच शब्द.’ आणि डोळे मिटले. त्याच आठवड्यात तो गेला.

साहेब नो म्हणाला नव्हता. साहेबानं दोनदा विचारलं होतं, आणि दुसऱ्यांदा विचारताना तो कोपऱ्यातल्या इस्तारीकडे बघून थोडं हसलाही होता, भिऊ नकोस म्हणतात तसं. नो मी म्हणालो.