सात अकाउंट, एक साकव

“ही अकाउंट खऱ्या माणसांची नसावीत असा संशय आल्याने ती थांबवण्यात आली आहेत.”

मोबाइलवरचा हा मेसेज मी जानकीबाईंना वाचून दाखवला. त्या मोखाड्याहून एसटीने थेट जव्हारच्या आमच्या ऑफिसात आल्या होत्या. अजून बसल्याही नव्हत्या. त्यांनी मला तो पुन्हा वाचायला लावला.

“माणसांची नाय?” त्या म्हणाल्या. “तं आमी कोन हाव, ताय?”

 माझं डोकं सणकलं.

मी एका छोट्या संस्थेत आयटी बघते. संस्था छोटी असली की आयटीत सगळंच येतं. प्रिंटरमध्ये अडकलेला कागद, इन्व्हर्टरचं पाणी, सरांचा विसरलेला पासवर्ड. त्यातच पाड्यापाड्यांवरच्या महिला गटांना मोबाइल आणि सोशल मीडिया शिकवणं हेही माझ्याच गळ्यात. जानकीबाई अशाच एका गटाच्या प्रमुख. त्यांचा पाडा पोशेऱ्याच्या पुढे, ओहोळाच्या पलीकडे. सात घरांचा. नाव देत नाही, त्या बायकांना ताप पुरेसा झालाय.

पाड्याला जायला ओहोळावर एक साकव आहे. साकव म्हणजे पायी जाण्याएवढा छोटा पूल. नवा बांधला आणि पहिल्याच पावसाळ्यात त्याची एक बाजू खचली. उन्हाळ्यात ओहोळातून चालत जाता येतं. पाणी आलं की तो तिरका साकव हीच वाट, आणि पुढच्या पुरात तोही जाणार हे कुणालाही दिसत होतं. आरोग्य उपकेंद्र, दुकान, रस्ता, सगळं अलीकडच्या काठाला. जानकीबाईंची, वेगळं घर करून राहणारी सून सोनी गरोदर होती. दिवस भरत होते आषाढात. आषाढात त्या ओहोळात उभं राहता येत नाही. म्हणजे सगळा प्रश्न एवढाच होता, की साकव पावसाआधी नीट होतो की नाही.

सोनीचा नवरा महादू ठाण्याकडे बांधकामावर जातो. त्याने आधी एका मोठ्या, सगळ्यांना माहीत असलेल्या अ‍ॅपवर साकवाचे फोटो टाकणारं पेज काढलं होतं. पेज त्याच्या एकट्याच्या नावावर. साकव बांधणाऱ्या ठेकेदाराच्या सुपरवायझरने त्याला भर बाजारात गाठलं. “पेज तू काढलंस ना? बघतो मग तुला काम कोण देतो.” महादूने पेज हटवलं नाही. मग त्या पेजवर एकदम ढिगाने तक्रारी गेल्या आणि अ‍ॅपने पेजच बंद केलं. मी दाद मागितली. उत्तर यंत्राने दिलं. पुन्हा मागितली. यंत्राने तेच उत्तर पुन्हा दिलं.

तेव्हा मीच म्हटलं, आपण विकेंद्रित सोशल मीडियावर जाऊ.

हे काय असतं ते पाड्यावर समजावायला मला मुळीच वेळ लागला नाही. ते मोठं अ‍ॅप म्हणजे एकाच मालकाचं. तो म्हणेल तो कायदा. विकेंद्रित म्हणजे पुष्कळ छोटे सर्व्हर. सर्व्हर हा एक कायम चालू असलेला कॉम्प्युटर, जिथे आपलं अकाउंट राहतं. प्रत्येक सर्व्हर एक पाडा समजा. प्रत्येकाचा आपला कारभारी, आपले नियम. तरी या पाड्यावरचा माणूस त्या पाड्यावरच्या माणसाशी बोलू शकतो. पत्ता सांगताना मात्र नाव आणि पाडा दोन्ही सांगायचे.

“मंग ह्ये तं आपल्यासारकाच हाय,” लखमी म्हणाली. लखमी म्हणजे जानकीबाईंची जाऊ.

मी एक मराठी सर्व्हर निवडला. म्हटलं, एक अकाउंट काढू, गटाच्या नावाने. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या.

“एकीच्या तोंडाचा कोन आयकंल?” जानकीबाई म्हणाल्या. “सात घरा हात. सातांनी बोलाया पायजे.”

त्यांची रीत मला तेव्हा नीट कळली. पाड्यावर कुठलाही मोठा विषय निघाला की सगळी घरं बसतात. काय बोलायचं ते आधी ठरतं. मग प्रत्येक घरातलं कुणीतरी उठून तेच बोलतं, आपल्या तोंडाने, जसंच्या तसं. एकाने सांगितलं तर ती वार्ता. सगळ्या घरांनी सांगितलं तर ते खरं. आणि कुणी बोल बदलला, तर त्या घराला ते मान्य नाही असा अर्थ होतो.

तर सात अकाउंट निघाली. नेटवर्क फक्त टेकडीवर, वळणावरच्या मोहाच्या झाडाखाली येतं, तिथे बसून. स्मार्टफोन पाड्यात एकच, सोनीचा. “तुम्हाला इथे का यायचं आहे?” असं त्या सर्व्हरवर आत घेण्याआधी विचारतात. सातही जणींचं उत्तर एकच होतं: पाड्याने ठरवलं म्हणून. मंजुरी मिळाली. दुसऱ्याच दिवशी, मी जव्हारला असताना, त्यांनी साकवाचा फोटो टाकला. सात अकाउंटवरून, एकच फोटो, शब्दाला शब्द तोच:

“साकव खचला. पानी आला का वाट बंद. आमची सोनी दोन जिवांची हाय. साकव नीट करा.”

सातवी पोस्ट पडली आणि सगळी अकाउंट बंद झाली. खोटी अकाउंट काढून एकच मजकूर पसरवणाऱ्या टोळ्या असतात. त्यांना पकडायची जी खूण, तीच आमच्या बायकांना लागली. साकव खाणारा मोकळा आणि साकव मागणाऱ्या बंद. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

मी मिलिंद सरांना व्हिडिओ कॉल लावला. ते आमचे प्रोजेक्ट हेड. बसतात पुण्याला, दिसतात स्क्रीनवर.

“मॅडम, एवढं मनाला काय लावून घेता? पायलट प्रोजेक्ट होता. पायलट फेल होतात.”

“सर, साकव पायलट नाहीये.”

“बायकांना म्हणावं, पुढच्या फेजमध्ये बघू.”

“सोनीची फेज आषाढात आहे, सर.”

ते हसले. त्यांना वाटलं मी विनोद केला. मग म्हणाले, “रिपोर्टमध्ये लिहा, समुदायाची डिजिटल तयारी अपुरी. ते अ‍ॅक्सेप्ट होतं.”

तळपायाची आग मस्तकात गेली. मी कॉल कट केला आणि नेटवर्क गेलं असं नंतर कळवलं. आमच्याकडे हे कारण कुणीही मानतं.

आता एक फरक सांगते. मोठ्या अ‍ॅपला दाद मागितली तर यंत्र बोलतं. छोट्या सर्व्हरच्या माहितीत कारभाऱ्याचं नाव असतं, त्याला अ‍ॅडमिन म्हणतात, आणि त्याला लिहिता येतं. मी लिहिलं. नम्रपणे लिहिलं नाही. संध्याकाळी फोन आला. हर्षद नाव, नाशिकचा, नोकरी सांभाळून फावल्या वेळात हा सर्व्हर चालवणारा.

“मॅडम, तुम्ही माझ्या जागी बसा,” तो म्हणाला. “सात अकाउंट, एक फोन, एक फोटो, एक मजकूर. मी काय समजू?”

“विचारायचं होतं.”

“मी असले ढीगभर रोज बंद करतो. कुणाकुणाला विचारू?”

“माणूस नाही म्हणायच्या आधी माणसाला विचारायचं, एवढंच म्हणते मी.”

तोही तापला. फुकटात राबतो, वर शिव्या खातो, म्हणाला. मी म्हटलं, शिव्या अजून दिलेल्या नाहीत. शेवटी तो जरा खाली आला. “एक करा. प्रत्येकीला आपापल्या शब्दांत लिहायला सांगा. अकाउंट लगेच उघडतो.”

मागणी वाजवी वाटते. मलाही वाटली. दुसऱ्या दिवशी मी पाड्यावर गेले आणि मोहाखाली सगळ्यांना तसं सांगितलं.

जानकीबाई भडकल्या. इतक्या वर्षांत मी त्यांचा आवाज चढलेला ऐकला नव्हता.

“माजा बोल येगळा, लखमीचा येगळा, काशीचा येगळा. मंग साकव किती मोडला? येक का सात?”

“तसं नाही हो. तोच अर्थ, फक्त शब्द—”

“बोल बदलला का खोटा जाला. तो इंजिनेर साकव बघाया आला व्हता तवा आमी येगळायेगळा बोललो. त्याना काय केला? म्हनं, तुमचा तुमाला नाय ठाव, मी काय लिव्हू. आन् गेला.” त्यांनी माझ्यापुढे हात केला. “लाव फोन त्याला. मी बोलतंय.”

मी फोन लावला. स्पीकर चालू केला. हर्षदने “हॅलो मॅडम” म्हटलं आणि जानकीबाईंनी तो पुढे काय म्हणतोय ते ऐकूनच घेतलं नाही.

“आयक. मी जानकी. साकव खचला. पानी आला का वाट बंद. आमची सोनी दोन जिवांची हाय. साकव नीट करा.”

फोन लखमीच्या हातात गेला. “मी लखमी. साकव खचला. पानी आला का वाट बंद.” पूर्ण, तेच. मग लखमीची शेजारीण काशी. प्रत्येकीचा आवाज निराळा. काशीला खोकला होता, ती मध्ये थांबली आणि पुन्हा पहिल्यापासून बोलली. हर्षद एकदा “कळलं, कळलं” म्हणाला. कुणी थांबलं नाही. सगळी घरं बोलून व्हायची होती.

शेवटी फोन सोनीकडे आला. ती मुळाला टेकून बसली होती. लाजत, पण न अडखळता बोलली. “मी सोनी. साकव खचला. पानी आला का वाट बंद. आमची सोनी दोन जिवांची हाय. साकव नीट करा.”

 

“ताई,” हर्षद हळूच म्हणाला, “सोनी म्हणजे तुम्हीच ना?”

“हां.”

“मग ‘आमची सोनी’ का म्हणता?”

“घरांनी तसा ठरवला म्हनून.”

आम्ही टेकडी उतरायच्या आत हर्षदने अकाउंट पुन्हा उघडली. आपल्या नावाने त्याने एक पोस्टही टाकली: या सात जणींशी मी बोललो आहे, ही खरी माणसं आहेत, चूक माझी. मोठ्या अ‍ॅपकडून असली ओळ मी जन्मात वाचली नसती. राग माझा त्याच्यावरचा तेव्हा गेला. बाकीच्यांवरचा नाही.

पोस्ट उघडल्या म्हणून जग धावून आलं असं मात्र नाही. या सोशल मीडियावर तुमची पोस्ट लोकांपुढे ढकलणारं यंत्र नसतं. नवा माणूस टाकतो आणि शुकशुकाट. बरेच जण इथेच कंटाळून परत जातात. इथे माणसं शोधावी लागतात, त्यांच्याशी बोलावं लागतं. फोटोखाली तो कसा आहे याचं वर्णन लिहायची तिथे पद्धत आहे, ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी. बायकांनी ती लगेच उचलली. सोनी वाचून दाखवी, लोकांनी काय विचारलंय ते. उत्तर घरं ठरवत. उत्तर एक आणि सात जणींकडून. लोकांना आधी गंमत वाटली, मग सवय झाली. दुसऱ्या सर्व्हरवरच्या एका पत्रकाराने फोटो पाहिला आणि साकव ज्या खात्याचा, त्या खात्याला विचारलं. काम झाल्यावर ठरावीक मुदतीत मोडतोड झाली, तर ठेकेदाराने ती स्वखर्चाने दुरुस्त करायची असते. मुदत संपलेली नव्हती. हे खात्याला माहीत होतं, ठेकेदारालाही. पत्रकाराने विचारेपर्यंत दोघेही गप्प होते.

मग सुपरवायझर पाड्यावर आला. बाजारात महादूला गाठणारा तोच. मी तेव्हा लखमीच्या ओट्यावर होते. मोटरसायकल उभी करून त्याने ओरडून विचारलं, “मोबाइलवर हे कुणी टाकलं?”

“मी,” लखमी म्हणाली. “साकव खचला. पानी आला का वाट बंद—”

“तू नाही. मेन कोण आहे?”

“मी,” शेजारच्या दारातून काशी म्हणाली, आणि तिनेही सगळं म्हटलं. तो पुढच्या घरी गेला. तिथेही तेच. जानकीबाईंकडे पोचेपर्यंत त्याचा चेहरा उतरला होता. महादू एकटा होता, त्याला गाठता आलं. इथे कुणाला गाठायचं आणि कुणाचं काम बंद करायचं? तो मोटरसायकलला किक मारून निघून गेला. हर्षदच्या सर्व्हरला जी खोटेपणाची खूण वाटली, तिच्यापुढे या माणसाचं काही चाललं नाही.

साकव पावसाआधी झाला. खचलेली बाजू उकरून पुन्हा बांधली, कठडाही लावला. आषाढात ओहोळ दोन्ही काठ धरून वाहत असताना सोनी त्याच्यावरून चालत गेली, महादूचा हात धरून. मुलगी झाली. परत येताना मुलगी जानकीबाईंच्या कडेवर होती.

मिलिंद सरांच्या प्रेझेंटेशनमध्ये आता साकवाचा फोटो आहे. वर लिहिलंय, ‘पायलटचं यश’. बायकांची नावं नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, स्लाइडवर जागा नव्हती.

नवे लोक मला विचारतात, कुठला सर्व्हर घेऊ. मी म्हणते, नियम वाचा, भाषा बघा, घाई करू नका. पण आधी एक तपासा. चुकून तुम्हाला बाहेर काढलं, तर पलीकडे फोन घेणारा माणूस आहे का? बाकीचं शिकता येतं.

माझा राग काही गेलेला नाही. साकव मोडलाय हे सांगण्याआधी त्या सात जणींना आपण माणसं आहोत हे सिद्ध करावं लागलं. ज्याने तो तसा बांधला, त्याला ते कुणीच विचारलं नाही.