कळलं नाही म्हणायची जागा

रस्ता सांगून होईपर्यंत ऐकणाऱ्याला डुलकी लागावी आणि तरीही तो बरोबर मुक्कामी पोचावा, ही सिद्धी मी आयुष्यात एकाच माणसापाशी पाहिली. तो माणूस म्हणजे आमचे साडू, माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. एकदा पाथर्डी फाट्यावर एका ट्रकवाल्याने त्यांना घोटीचा रस्ता विचारला. दुसऱ्या कुणीही हात लांब करून "सरळ" म्हटलं असतं आणि विषय संपला असता. साडूंनी त्याला आधी इंजिन बंद करायला लावलं. "सरळ म्हणजे काय, ते आधी ठरवू," म्हणाले. मग वाटेत कोणती वळणं लागतील, त्यातली कोणती घ्यायची नाहीत, चुकून घेतलंच तर ते कशावरून ओळखायचं आणि ओळखल्यावर घाबरायचं का नाही, इथपर्यंत सगळं झालं. क्लीनर झोपला. ट्रकमागची रांग पार अंबडपर्यंत गेली होती, असं मी सांगतो. साडू म्हणतात, तीन रिक्षा होत्या. पुढच्या महिन्यात तोच ट्रकवाला तांदळाची गोणी घेऊन इंदिरानगरला यांच्या दारात हजर. "काका, जन्मात पहिल्यांदा कुणाला न विचारता पोचलो," म्हणाला. घर कसं सापडलं म्हणून मी विचारलं, तर परतीचा रस्ताही यांनी त्याच दिवशी सांगून ठेवला होता.

सातपूरच्या एका कारखान्यात त्यांची हयात गेली. तिथे पाण्याचे पंप बनायचे आणि पंपासोबत येणारी माहितीपुस्तिका साडू लिहायचे. ते पंप फारसे बरे नव्हते, पण पुस्तिका इतकी सुरेख, की माणसं पंप भंगारात घालून पुस्तिका जपून ठेवत. निवृत्त झाल्यावर ही विद्या घरात शिरली. आमची मेहुणी कुणाला तरी फोनवर पुरणाची कृती सांगत होती आणि "जरा आटलं की उतरवायचं" असं म्हणाली. साडू पेपर टाकून उठले.

"जरा म्हणजे?"

"जरा म्हणजे जरा. करून बघितलं की कळतं."

"हेच," साडू म्हणाले, "हेच वाक्य मला जगातून काढून टाकायचंय."

"आधी वर्तमानपत्र काढा ताटावरून. मग जग बघू."

जग लवकरच त्यांच्या हाती आलं. त्यांची मुलगी पुण्यात संगणकाच्या कामात आहे. संगणकाला ढीगभर उदाहरणं दाखवून शहाणं करायचं एक सॉफ्टवेअर असतं, त्याला हे लोक लायब्ररी म्हणतात. पुस्तक औषधालाही नसतं तिथे. देशोदेशीची माणसं मिळून ते फुकट बनवतात आणि ते कसं वापरायचं हे सांगणारी पानं इंटरनेटवर ठेवतात. मुलीने एका सुट्टीत कौतुकाने ती पानं वडिलांना दाखवली. तिथेच तिचं चुकलं. पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, की हे सॉफ्टवेअर तुम्ही फक्त बसवून घ्या. साडू दिवसभर ते फक्त बसवत होते. संध्याकाळी लाल डोळ्यांनी बाहेर आले आणि म्हणाले, "ज्याला जमतं तोच फक्त म्हणतो. ज्याला जमत नाही त्याला तो शब्द थोबाडीत बसतो." त्याच आठवड्यात त्यांनी त्या मंडळींना कळवलं, की तुमच्या पानांतून हा शब्द हद्दपार करा. आपण कोण, असं तिकडून कुणीतरी अदबीने विचारलं. साडूंनी एका शब्दात उत्तर दिलं: वाचक. ती मंडळी एवढी हबकली, की त्यांनी पानं सुधारायचं कामच यांच्या गळ्यात घातलं.

साडूंची कामाची रीत अशी. पान आधी मराठीत लिहायचं, "कारण इंग्रजीत कळलं नाही तर माणूस लपवतो." ते एखाद्या अडाण्यावर वापरून बघायचं. तो जिथे अडेल तिथे वाक्य बदलायचं. मगच मुलीने त्याचं इंग्रजी करून पुढे पाठवायचं. अडाणी मात्र अस्सल हवा. साडूंनी अख्खा नाशिक जिल्हा नजरेखालून घातला आणि माझी निवड केली. पाटबंधारे खात्यात मी अठ्ठावीस वर्षं कारकुनी केली, पण संगणकाला मी दुरून नमस्कार करत आलोय, हे त्यांना ठाऊक होतं. नुकतीच माझी बायको गेली होती. तशी साडू म्हणजे बायकोच्या वाटेनं आलेली सोयरीक. ती वाट बंद झाल्यावर जाण्यायेण्याला निमित्त उरत नाही. रविवार तर घरात पाय पसरून बसायचा आणि उठायचं नाव घ्यायचा नाही. अशात एका शनिवारी साडूंचा फोन आला. "उद्या नऊला या. काही वाचून येऊ नका."

मग दर रविवारी पंचवटीतून रिक्षा करून मी अडाणीपणाच्या ड्यूटीवर हजर. मला संगणकापुढे बसवायचे आणि स्वतः मागे जुन्या कॅलेंडरची पाठकोरी पानं घेऊन बसायचे. मी वाचत असताना त्यांनी बोलायचं नाही, हा नियम त्यांचाच, आणि तो पाळताना त्यांचा जीव जायचा. तोंडावर उपरणं धरून बसलेले मी त्यांना पाहिलंय.

मी थांबलो, की मागून हलकेच आवाज यायचा, "का थांबलात?"

"कळलं नाही."

"वा," साडू म्हणायचे, गवयाला दाद द्यावी तसे. "अहो ऐकलंत का, दाजींना कळलं नाही. शिरा टाका."

उभ्या आयुष्यात मला न कळल्याबद्दल शाळेत छड्या मिळाल्या, कचेरीत मेमो मिळाले आणि घरी जे मिळालं ते मिळालं. बेदाणे घातलेला शिरा मिळायचं हे पृथ्वीवरचं एकच ठिकाण. जिथे जिथे मी आपटलो तिथे तिथे साडूंनी एकेक वाक्य पायरीसारखं बसवलं. आज ब्राझीलचा एखादा पोरगा त्या पानावरून सरसर चढून जात असेल, तर तो माझ्या ठेचांवर पाय देऊन जातोय, हे मी सोसायटीत सगळ्यांना सांगून ठेवलंय.

त्या पानांवर उदाहरणाला कुठल्यातरी परदेशी फुलांचे फोटो होते. संगणकाने म्हणे त्यांच्या जाती ओळखायच्या. "ही फुलं तुम्ही पाहिलीत?" साडूंनी मला विचारलं. मी नाही म्हणालो. "मग संगणक बरोबर सांगतोय का थापा मारतोय, हे तुम्हाला कसं कळणार?" म्हणून आम्ही एसटीने नामपूरला गेलो, कांद्याचे फोटो काढायला. बाजारात मी एकेक कांदा बोटांत धरून उभा आणि साडू मोबाइल तिरपा करून, "जरा डावीकडे बघू द्या त्याला," म्हणतायत. एक शेतकरी मिश्यांत हसत म्हणाला, "काय नाना, कांदास्नं लगीन जमाडनं शे का?" साडूंनी त्याला शेजारी बसवून, संगणकाला चांगला कांदा आणि कोंब आलेला कांदा यांतला फरक कसा शिकवायचा, ते इत्थंभूत समजावलं. तो माणूस शेवटपर्यंत ऐकत बसला. त्याची ट्रॅक्टर-ट्रॉली लिलावाच्या रांगेत कितीतरी मागे गेली.

आणि त्याच कांद्याने माझा घात केला. कांद्याचं पान लिहून झालं आणि मी वाचायला बसलो. पहिली ओळ कळली. दुसरी कळली. लिहिलं होतं तसं करत गेलो आणि शेवटी पडद्यावर कांदा आला, त्याखाली लिहून आलं: कोंब आलेला. मी आनंदाने वळून पाहिलं, तर साडूंच्या चेहऱ्यावर प्रेतकळा.

"कुठेच अडला नाहीत?"

"नाही."

"मधे सुद्धा?"

"अहो, सगळं कळलं."

साडूंनी टोपण हळूच पेनाला लावलं. "बिघडलात तुम्ही, साडूभाऊ," ते म्हणाले. त्या दिवशी शिरा झाला नाही.

पुढच्या रविवारचं बोलावणं आलं नाही. त्यांनी नवीन अडाणी शोधायला काढला होता. पहिल्यांदा मेहुणीला बसवलं. तिने स्वयंपाकघरातून ऐकून ऐकून सगळं आत्मसात केलं होतं, उलट तिनेच यांच्या दोन चुका काढल्या. मग सोसायटीचे चेअरमन आले. त्यांना एक अक्षर कळलं नाही, पण प्रत्येक ओळीला "हो, हो, हे आपल्याला माहितीये" म्हणत राहिले. असा माणूस या कामाला विषासमान. हे सगळं मला मेहुणीने फोनवर सांगितलं, आणि शेवटी म्हणाली, "दाजी, तुम्ही काय करता रविवारचं?" मी म्हटलं, "आहे की, बरंच असतं." दुपारपर्यंत मी खिडकीचे गज पुसत होतो.

तिसऱ्या रविवारी मात्र न बोलावता गेलो. म्हटलं, मधे काही विसरलोय का ते बघा. साडूंनी कांद्याचंच पान पुढ्यात टाकलं. मी चार ओळी वाचल्या, कपाळाला आठ्या घातल्या आणि सुस्कारा सोडून म्हणालो, "कळलं नाही."

मागून "वा" आलं नाही. मग साडू म्हणाले, "तिथे कुणी अडत नाही, साडूभाऊ." मी संगणकाकडेच बघत राहिलो. मेहुणीने चहा आणला. तो आम्ही क्रिकेटवर बोलत प्यायलो. त्या खेळातलं आम्हा दोघांनाही काही कळत नाही.

निघालो, तर साडू चपला घालून रिक्षापर्यंत आले. रिक्षावाल्याला पंचवटीचा रस्ता न सांगता नुसते उभे राहिले. तेव्हाच मला चाहूल लागायला हवी होती.

शनिवारी फोन आला. "नवीन पान लिहिलंय. अजून कच्चं आहे. नऊला या."

गेलो आणि बसलो. पहिली ओळ वाचली: सुरुवातीला फक्त मांडणी करून घ्या. कसली, ते नव्हतं. दुसरी ओळ: पुढचं साहजिकच आहे. तिसरीत "जरा" होतं. चौथीत "करून बघितलं की कळेल" असं स्पष्ट लिहिलं होतं. ज्या माणसाने एका शब्दासाठी साता समुद्रापारच्या मंडळींना सळो की पळो करून सोडलं, त्याने ते पान स्वतःच्या हाताने, चांगलं दोन्ही बाजूंनी लिहिलं होतं. ते लिहिताना त्यांना काय यातना झाल्या असतील, याची कल्पना मला एकट्यालाच येऊ शकते. मी मागे वळून पाहिलं नाही. मागे उपरण्याची सळसळ तेवढी ऐकू आली.

"का थांबलात?" साडूंनी विचारलं.

पानावरची अक्षरं मला जरा पुसट दिसायला लागली होती. जरा म्हणजे किती, ते त्यांनी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

"कळलं नाही," मी म्हणालो.

"वा," साडू म्हणाले. आतून रवा भाजल्याचा वास यायला लागला होता.