मुअत्तरच्या अंगणात माझा झाडू

उझबेकिस्तानातल्या मर्गिलान गावच्या आमच्या गल्लीत सुनेची किंमत झाडूच्या आवाजावर ठरते. उजाडायच्या आत अंगण झाडून, पाणी शिंपडून झालं की सून गुणाची. ऊन आल्यावर झाडू वाजला की चहाला जमलेल्या बायका तिचा उद्धार करणार.

शेजारच्या सनोबर आपांची सून मुअत्तर रेशमाची विणकर. नवरा रशियात बांधकामावर. पोरगी मेहनती, पण काही केल्या रात्री एकच्या आत डोळा लागायचा नाही आणि पाचला उठावंच लागायचं. आठवड्यातून दोनदा अर्धशिशी उठायची. मग कपाळाला ओला रुमाल बांधून ती मागावर बसायची, मधेच उठून ओकायची, परत बसायची. मला बघवत नसे.

दवाखान्यात मीच नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हिच्या शरीराचं घड्याळच उशिराचं आहे. झोपायची वेळ रोज तीच, उठायची तीच. सातच्या आधी उठू नको. अशी झोप तुटत राहिली तर डोकं उठणारच."

सनोबर आपांना सांगितलं, तर त्या उसळल्याच. "घड्याळ म्हणे! लवकर पाठ टेकली की येते झोप. फोन बघत लोळते, दुसरं काय!"

मुअत्तरला बोलायची सोय नव्हती आणि माहेरी परत जायची तर नव्हतीच.

माझे डोळे चारलाच टक्क उघडतात. आमच्या दोन अंगणांमधल्या भिंतीत छोटं दार आहे. मी तिला म्हटलं, "उद्यापासून तू सातपर्यंत झोप. मी झाडते. तुझी सासू अंथरुणातून आवाज ऐकते, बघायला थोडीच उठते?"

"कळलं तर, आपा?"

"तर माझं डोकं फोडेल. ते तसंही कधी दुखत नाही."

पाच आठवडे झाडलं. पहिल्या आठवड्यात एकदा तिचं डोकं दुखलं, नंतर तेही नाही. तिच्या गालांवर रंग आला. मला माझाच फार अभिमान वाटत होता.

मग गुरुवारी सनोबर आपांकडे बायका पुलाव खायला जमल्या. मुअत्तर चहा ओतत होती.

"पोरगी पाच आठवडे एक दिवस न चुकता अंधारात उठून झाडते," सनोबर आपा म्हणाल्या. "पळाली की नाही अर्धशिशी? आळस होता नुसता! आता सोमवारपासून चारला उठेल. गल्लीच्या टोकाला आमच्या जाऊबाईंचे गुडघे धरलेत, त्यांचंही अंगण झाडेल."

जाऊबाई खूश झाल्या. त्या पहाटेपासून ओट्यावरच बसून असतात. तिथे माझी डाळ शिजणार नव्हती.

मुअत्तरने माझ्याकडे पाहिलं. खरं सांगितलं असतं, तर भरल्या बैठकीत ती लबाड ठरली असती.

"तुर्सुनोय, तू तर शेजारीण," सनोबर आपा मला म्हणाल्या. "सांग ना यांना. रोज येतो ना तिच्या झाडूचा आवाज?"

"येतो," मी म्हटलं.